तालुक्याच्या गावातले कापड दुकान आणि तीन नवे डिझायनर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावात, बाजारओळीत हे दुकान आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. दुकान सासू-सून मिळून चालवतात. खरेदी सुनेकडे, तर उधारीची वही आणि जुनी गिऱ्हाइके सासूबाईंकडे. साड्या, ड्रेस मटेरियल आणि अलीकडे तयार कुर्ते असा माल असतो. तो नागपूरच्या गांधीबागेतल्या घाऊक बाजारातून किंवा थेट सुरतेहून येतो. दुकानात एक टेलर मावशी बसतात. फॉल-पिको आणि अल्टरचे काम त्या करतात आणि त्याचे रजिस्टर ठेवतात. हे रजिस्टर पुढे फार उपयोगी पडले.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. पहिले शेतीच्या पैशावर चालणारे. सोयाबीन विकले की दिवाळीची खरेदी, कापसाचे चुकारे आले की लग्नाची. दुसरे पगारदार बायकांचे: शिक्षिका, आरोग्य सेविका, बँकेतल्या, पंचायत समितीतल्या. या संख्येने थोड्या, पण बारा महिने काही ना काही घेणाऱ्या.

अडचण

दुसऱ्या गटातले गिऱ्हाईक हातातून निसटू लागले होते. सुरतेचा एकच कुर्ता ओळीतल्या चार दुकानांत टांगलेला असतो. मग भांडण उरते ते तीस-चाळीस रुपयांच्या फरकाचे, आणि त्यात फोनवरची खरेदी नेहमी जिंकते. याच काळात एक गोष्ट सुनेच्या लक्षात आली. दुकानातून काहीच न घेणाऱ्या दोन-तीन शिक्षिका बाहेरून आणलेले हातमागाचे कुर्ते फक्त बाह्या ढिल्या करायला घेऊन येत. ते कपडे नागपूरच्या प्रदर्शनांतून दोन हजारांच्या वर किंमत देऊन घेतलेले होते. म्हणजे गावात पैसे मोजायची तयारी होती, पण तसा माल गावात मिळत नव्हता.

त्यावरून प्रश्न ठरला: स्वतःचे कापड, स्वतःचा कट आणि स्वतःचा छोटा संग्रह काढणारे नवे डिझायनर तालुक्याच्या दुकानाने शोधायचे कुठे, पारखायचे कसे आणि त्यांच्याशी व्यवहार कोणत्या अटींवर करायचा? या प्रयोगासाठी दीड लाख रुपये बाजूला काढले आणि गुढीपाडवा ते मेअखेर हा एक हंगाम ठरवला.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय होता घाऊक बाजारातून ‘डिझायनर’ म्हणून येणारा माल वाढवण्याचा. पण तो माल दोन आठवड्यांत शेजारच्या दुकानातही येतो. अडचण मुळात तीच होती, म्हणून तो लगेच सोडला.

दुसरा पर्याय टेलर मावशींनी सुचवला: प्रदर्शनातला एखादा कुर्ता आणायचा आणि तसाच कट आपण शिवायचा. शिवायला त्या समर्थ होत्या. पण दुसऱ्याने वर्षभर डोके लावून बसवलेला कट उचलायचा आणि नव्या डिझायनरचे नाव सांगून गिऱ्हाईक बोलवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नागपूर-वर्ध्याच्या लहान वर्तुळात ही बातमी पसरायला वेळही लागत नाही. हा पर्याय नाकारला ते बरे झाले.

तिसरा, मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या नव्या लेबलांकडून रोखीने माल घेण्याचा. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमधल्या, नवोदितांसाठीच्या ‘जेननेक्स्ट’ उपक्रमातून पुढे आलेली नावे पाहिली गेली. डिझायनर राहुल मिश्रा २००६ साली तिथूनच पुढे आले. केरळच्या हातमागाच्या कापडावर त्यांनी काम केले होते, आणि २०१४ साली त्यांना लोकरीच्या कपड्यांसाठीचे वूलमार्कचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. एका साध्या कापडातून अख्खा संग्रह कसा उभा राहतो हे कळण्यासाठी अशा मंचांकडे जरूर पाहावे. पण तिथवर पोचलेल्या लेबलांच्या किमती आणि किमान ऑर्डर या दुकानाच्या आवाक्याबाहेर होत्या.

उरला चौथा पर्याय: विदर्भातच काम करणारे, अजून नाव न झालेले दोन-तीन जण शोधायचे आणि त्यांचा थोडा माल ठेवायचा. त्यांना शोधणे अवघड होते, म्हणून सगळी शक्ती तिथे लावायची ठरली.

शोध : फोनवरून सुरुवात आणि मग कापडामागे

सुरुवात इन्स्टाग्रामवरून झाली. साठेक खाती जमवली. त्यातली बरीचशी डिझायनरची नसून दुसऱ्याचा माल फिरवणाऱ्यांची निघाली. ओळखायच्या दोन युक्त्या कामी आल्या. एक, फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तोच फोटो आणखी कुठे आहे हे पाहणे. दुसरी जास्त खात्रीची: ‘हाच कुर्ता गळा एक इंच वर घेऊन आणि बाही कोपरापर्यंत करून मिळेल का, आणि आतल्या शिवणीचा फोटो पाठवाल का?’ असे विचारणे. माल फिरवणारा यावर गप्प होतो किंवा ‘स्टॉक जसा आहे तसा’ म्हणतो. खरा बनवणारा उलट प्रश्न विचारतो: गळा वर घेतला तर पट्टीची रुंदी बदलेल, चालेल का? दोन दिवसांत साठांतली दहाच नावे उरली.

तरीही या दहांचे काम हाताने पाहता येत नव्हते. इथे सुनेने जो निर्णय घेतला तो या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा. डिझायनर शोधायचे सोडून तिने कापड शोधायला सुरुवात केली. नवा डिझायनर प्रसिद्ध नसतो, पण तो कापड कुठून तरी घेतोच, आणि थोडे थोडे घेतो. एका वेळी दहा, वीस, तीस मीटर. मोठा व्यापारी असे घेत नाही. त्यामुळे विणकर, रंगारी आणि सॅम्पल शिवणारे मास्टर यांना ही मंडळी नावानिशी ठाऊक असतात. शिवाय कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण तीनदा डिझाईन बदलतो हेही तेच सांगू शकतात. कुठल्याही प्रोफाइलवर ही माहिती मिळत नाही.

भंडारा जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगाव या भागात कोष्टी विणकर टसर विणतात. त्यालाच आपल्याकडे कोसा म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोश वाढवले जातात, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाज करत आला आहे. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेल्या इथल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिथल्या एका वयस्क विणकर काकांना सुनेने एवढेच विचारले, ‘काका, साडी सोडून नुसते कापड कोण घेऊन जाते?’ त्यांनी तिघांची नावे सांगितली. त्यातली नागपूरची एक मुलगी दर वेळी आगाऊ पैसे देते आणि मागावर बसून काठाची रुंदी ठरवून घेते, हेही सांगितले.

दुसरा धागा वर्ध्याचा. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाभोवती खादी आणि नैसर्गिक रंगाईचे काम आजही चालते, आणि त्या परिसरात रंगाई शिकून बाहेर पडलेली काही तरुण मंडळी स्वतःचे कुर्ते काढतात. तिसरा धागा नागपूरच्या एका मास्टरचा. ते नव्या डिझायनरांचे नमुने शिवून देतात. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा भरतो, तिथेही चक्कर झाली. फॅशन डिझाईनच्या संस्थांमध्ये शेवटच्या वर्षाचे संग्रह मांडले जातात तेही पाहण्यासारखे असतात. पण आमचा सल्ला असा की यंदाची मुले पाहून घ्या आणि चौकशी मात्र गेल्या वर्षीच्या मुलांची करा. पदवीनंतर वर्षभर जो स्वतःच्या पैशाने कपडे काढत राहिला, त्याच्याशी व्यवहार होऊ शकतो.

या सगळ्यातून नऊ नावे निघाली. प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारले: संग्रहात किती डिझाईन, त्यातली कोणती पुन्हा बनवता येतील, एक डिझाईन सहा नग हवे असेल तर किती दिवस, कापड हाताशी आहे की मागावर आहे, हातकाम कोणी केले आणि त्यांना नगामागे काय मिळाले. शेवटच्या दोन प्रश्नांवर चार जण गळले. कोणी उत्तर टाळले, तर एकाने हातकामाचा दर सांगायलाच नकार दिला.

उरलेल्या पाचांतून तिघे निवडले. ‘क’ म्हणजे विणकर काकांनी सांगितलेली नागपूरची डिझायनर. टसरची जॅकेटे आणि स्टोल. ‘ख’ वर्धा जिल्ह्यातली, हाताने रंगवलेल्या खादीचे कुर्ते काढणारी. ‘ग’ अमरावतीकडचा तरुण. तो यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका तांड्यावरच्या बंजारा बायकांकडून आरसे-कवड्यांचे भरतकाम करून घेऊन कुर्त्याच्या छातीवर बसवतो. बायकांना नगावर रोख पैसे आणि पिशवीवर त्यांच्या गटाचे नाव, असा त्याचा शिरस्ता होता.

संग्रहातून निवड

नव्या डिझायनरचा संग्रह पाहताना नजर हमखास एका भारी कपड्यावर खिळते. तो कपडा फोटोसाठी असतो. दुकानदाराने पाहायचे ते त्याच्या शेजारचे: तेच कापड, तोच काठ, तोच रंग साध्या कपड्यात कसा उतरला आहे. ‘ख’च्या अकरा डिझाईनमधून चारच घेतले, पण चारही एकाच रंगकुळातले. तिघांचा माल तीन वेगळ्या रॅकवर, प्रत्येकाच्या नावाच्या पाटीखाली लावायचा असे ठरले. सुरतेच्या कुर्त्यांत मिसळला असता तर दोन हजारांचा कुर्ता नुसता महाग कुर्ता दिसला असता.

नमुने आणि त्यांच्या चाचण्या

प्रत्येकाकडून नमुने पूर्ण पैसे देऊन घेतले. एकूण ९,५०० रुपये. नवा डिझायनर फुकट नमुना देऊ शकत नाही, आणि दिला तर तो नेहमीपेक्षा जास्त निगुतीने शिवलेला असतो. विकत घेतलेला नमुना त्याच्या रोजच्या कामाचा असतो.

चाचण्या घरच्याच होत्या. कापडाच्या पट्टीवर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखून तीन वेळा धुतला आणि दर वेळी मोजला. ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून रंग लागतो का पाहिले. टसरचा एक धागा जाळला: खरे रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टरची कडक गोळी होते. धुण्यासाठी मुद्दाम गावातले बोअरचे जड पाणी आणि नेहमीचा कपड्याचा वडी साबण वापरला. डिझायनर सांगतो ते सौम्य लिक्विड गावात दहांपैकी नऊ घरांत नसते, म्हणून चाचणी घरातल्या साबणाचीच हवी.

‘क’चे जॅकेट पहिल्याच धुण्यात फसले. टसर जागच्या जागी राहिले, पण सुती अस्तर आटले आणि पाठीवर सुरकुत्या पडल्या. कारण साधे होते: अस्तराचे कापड न भिजवता कापले होते. अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापायचे ठरले आणि पुढच्या नगांत हा दोष आला नाही. जॅकेटवर ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहायचा तिचा आग्रह होता, पण तालुक्याला ड्रायक्लीनची सोय नाही.

‘ख’चा सगळ्यात देखणा कुर्ता पळसाच्या फुलांच्या पिवळ्या रंगाचा होता. वडी साबण लागताच तो नारिंगीकडे झुकला आणि चार दिवस शोकेसमधल्या उन्हात ठेवल्यावर खांद्यांवर फिका पडला. पळस काय किंवा हळद काय, दोन्ही पिवळे रंग उन्हाला टिकत नाहीत आणि साबणातल्या क्षाराने बदलतात. विदर्भाच्या उन्हात तो कुर्ता विकणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे. सुनेला तो फार आवडला होता, ‘ख’लाही, तरी तो वगळला. त्याऐवजी नीळ, डाळिंबाची साल, आणि हिरडा-लोखंडाचा काळपट राखाडी हे रंग घेतले. लोखंडाचे प्रमाण वाढले की सुती धागा हळूहळू कमकुवत होतो, म्हणून गडद काळा न मागता मध्यम राखाडीवर थांबले.

‘ग’चे भरतकाम मजबूत होते, पण आरशांच्या कडेचा लाल धागा पांढऱ्या फडक्याला लागला. त्याने धागा बदलला.

मापांचा प्रश्न सगळ्यांत मोठा निघाला, आणि तो उशिरा हाती घेतला गेला. तिघांचेही माप शहरातल्या तक्त्यावरचे, ३४ ते ३८ छातीचे, मुंढा घट्ट, दोन डिझाईन बिनबाह्यांची. टेलर मावशींच्या रजिस्टरमध्ये वेगळेच चित्र होते. सर्वाधिक नोंदी मुंढा ढिला करण्याच्या आणि दंडाला जागा देण्याच्या, माप बहुतेक ३८ ते ४४, आणि उंची ४२ इंचांच्या खाली नको. त्यावरून तिघांना लिहून दिले: बाजूच्या दोन्ही शिवणींत एक-एक इंच मार्जिन, मुंढ्यात अर्धा इंच, आणि बिनबाह्यांच्या कुर्त्यात बाह्यांचे कापड आतून टाचून. ‘ख’ने लगेच ऐकले. ‘ग’चे कुर्ते तोवर कापून झाले होते.

दर आणि व्यवहार

सगळा माल जांगड, म्हणजे विकला तर पैसे आणि नाहीतर परत, असा सुनेचा पहिला विचार. दुकानाला ते सोयीचे, पण नव्या डिझायनरचे सगळे भांडवल दोन महिने दुसऱ्याच्या दुकानात अडकते आणि पुढचा संग्रह निघतच नाही. ‘क’ने स्पष्ट सांगितले की टसरचे पैसे विणकराला आधी द्यावे लागतात, जॅकेट जांगड देणे जमणार नाही. तिचे म्हणणे रास्त होते.

तोडगा असा निघाला. ‘ख’ आणि ‘ग’ यांचे २४-२४ नग, त्यातले निम्मे रोख आणि निम्मे जांगड. ‘क’चे १६ स्टोल त्याच पद्धतीने. तिची जॅकेटे मात्र दोनच, रोखीने, गिऱ्हाइकाने अंगावर घालून पाहण्यापुरती. बाकी जॅकेटे मापाने, निम्मे पैसे आगाऊ घेऊन, २५ दिवसांत.

‘ख’चा कुर्ता रोखीत १,४०० ला घेऊन २,१०० ला विकायचा. जांगडमध्ये धोका डिझायनरचा, म्हणून दुकानाचा हिस्सा कमी: विक्री किमतीच्या २५ टक्के. ‘ग’चा नग १,१५० ला आणि विक्री १,७५० ला. स्टोल १,५०० आणि २,२००. जॅकेट ४,२०० आणि ६,२००. हे दर कर सोडून आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्यावर १८ टक्के आहे. किंमत ठरवताना ही रेघ डोळ्यांसमोर हवी, कारण २,४०० आणि २,६०० मधला फरक गिऱ्हाइकाला दोनशेचा नाही तर साडेपाचशेच्या घरातला पडतो. जांगड विक्रीत बिल कोणी कोणाच्या नावाने करायचे, हे सुरुवातीलाच सीएकडून लिहून घ्यावे.

रोख खरेदीत ५१,००० गेले. नमुने ९,५००, रॅक-आरसा-दिवे १८,०००, प्रवास ७,५००, टॅग आणि धुण्याच्या सूचनांची मराठी कार्डे ३,०००. म्हणजे ८९,००० खर्च आणि ६१,००० हाताशी. राखीव रक्कम मोडायची नाही हे सासूबाईंनी आधीच बजावले होते.

करार दोन पानांचा होता. जांगड मालाची मुदत ७५ दिवस, हिशेब दर महिन्याच्या सात तारखेला, परत पाठवायचा खर्च दुकानाचा, तालुक्यात दुसऱ्या दुकानाला तोच माल नाही. त्यात दोन गोष्टी राहून गेल्या: मापाची ऑर्डर रद्द झाली तर नुकसान कोणाचे, आणि प्रत्येक नगाला स्वतंत्र नंबर.

हंगामात काय झाले

‘ख’चे २४ पैकी १९ कुर्ते गेले, आणि निळे सगळ्यांत आधी. मार्जिन असल्यामुळे मावशींनी दुकानातच, गिऱ्हाईक बसलेले असताना, अर्ध्या तासात कुर्ते बसवून दिले. फोनवरच्या खरेदीत हे मिळत नाही, आणि बऱ्याच बायका त्यासाठीच दुसऱ्यांदा आल्या.

‘ग’चे नऊच विकले गेले. मापे लहान होतीच. त्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४४ च्या वर असताना छातीवर जाड भरतकाम. एका बाईंनी कुर्ता हातात घेऊन म्हटले, ‘काम लय सुंदर हाये, पण एवढ्या उनात हे आंगात कोन घालन?’ माल चांगला होता, पण त्याचा हंगाम हा नव्हता.

स्टोल ११ गेले. पण अर्ध्या चौकश्या वेगळ्याच होत्या. दुचाकीवर उन्हात तोंडाला बांधायला सुती काही आहे का? टसर त्या कामाचे नाही. सुनेने हे ‘ख’ला कळवले. तिने कुर्त्यांतून उरलेल्या खादीचे, दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद, डाळिंबसालीत रंगवलेले स्कार्फ करून पाठवले, ४५० रुपयांचे. हंगाम संपत आला होता तरी पहिला गठ्ठा आठवड्यात संपला. डिझायनरच्या रॅककडे कधी न वळलेले शेतकरी घरांतले गिऱ्हाईक या स्कार्फमुळे तिथे आले.

जॅकेटच्या पाच ऑर्डरी आल्या. तीन वेळेवर पोचल्या, दोन उशिरा. कारण मागावर होते: कापड तयार नव्हते, ऑर्डर आल्यावर विणायला घेतले. भर उन्हाळ्यात हवा कोरडी असते, टसरचा ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, वारंवार तुटतो आणि विणकाम मंदावते. एका गिऱ्हाइकाच्या घरचे लग्न होऊन गेले होते, तिने ऑर्डर रद्द केली. तिचे आगाऊ ३,१०० रुपये त्याच दिवशी परत केले. जॅकेटचे ४,२०० दुकान आणि ‘क’ यांनी निम्मे-निम्मे सोसले. करारात काही नसताना हे भांडण न होता मिटले ते दोघींच्या समंजसपणामुळे.

हिशेब

कर सोडून दुकानाची ढोबळ मिळकत अशी: कुर्ते १२,०७५, ‘ग’चे नग ५,४००, स्टोल ७,२५०, जॅकेट ८,०००. एकूण ३२,७२५. स्कार्फचा हिशेब पुढच्या हंगामात धरला. एक जांगड स्टोल हिशेबात सापडला नाही. नगाला नंबर नसल्याने तो विकला गेला की हरवला हे कळले नाही, आणि दुकानाने १,६५० भरले. राहिले ३१,०७५. नमुने, रॅक, प्रवास, टॅग यांचा खर्च ३८,०००. म्हणजे पहिल्या हंगामात ६,९२५ कमी पडले. शिवाय ‘ग’चे तीन रोखीचे नग, दोन दाखवण्याची जॅकेटे आणि रद्द जॅकेटचा अर्धा वाटा मिळून १३,९५० मालात अडकले. जांगडचे २१ नग परत गेले.

हा आकडा पाहून सासूबाई थांबायला सांगतील असे सुनेला वाटले होते. पण उधारीच्या वहीत या मालाची एकही नोंद नव्हती. सगळी विक्री रोख किंवा यूपीआयवर झाली होती. दुकानाच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू होती, आणि रॅक-आरशाचा खर्च दुसऱ्यांदा करायचा नव्हता. दिवाळीसाठी तिघांनाही पुन्हा बोलवायचे ठरले.

वेगळे काय करता आले असते

अल्टरचे रजिस्टर पहिल्या दिवशी उघडायला हवे होते. नमुने मागवण्याआधी मापांचा एक कागद तिघांना गेला असता तर ‘ग’चे कुर्ते लहान कापले गेले नसते. कोणत्याही गावच्या दुकानात किंवा टेलरकडे अशी वही असते, आणि शहरी मापांच्या तक्त्यापेक्षा ती जास्त खरी असते.

‘ग’चा माल उन्हाळ्यात घ्यायलाच नको होता. दिवाळीसाठी त्याच्याकडून कुर्ते न घेता पिशव्या, बटवे आणि आखूड बिनबाह्यांची कोटी मागवली आहे. तांड्यावरच्या बायकांच्या दृष्टीनेही हे बरे, कारण पेरणी-निंदणीच्या दिवसांत त्यांच्या हाताला सवड नसते. हा माल त्यांनी पावसाळ्याआधीच भरून ठेवला.

मापाची ऑर्डर घेताना ‘किती दिवस’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कापड विणून घडी घातलेले आहे का’ हे विचारायचे. असेल तर २५ दिवस, नसेल तर उन्हाळ्यात ४५ सांगायचे आणि लग्नाची तारीख विचारून त्याआधी दहा दिवसांची तारीख लिहायची. रद्द ऑर्डरचे नुकसान निम्मे-निम्मे, हे आता करारात आहे. प्रत्येक नगाच्या आतल्या शिवणीत कापडी नंबरपट्टी आहे, आणि वहीत त्या नंबरासमोर फोटो.

तालुक्यात दुसऱ्या दुकानाला माल नाही, या अटीवर मात्र एकमत झालेले नाही. ‘ख’ला शेजारच्या तालुक्यातून आणि याच गावातल्या एका बचत गटाकडून मागणी आली आहे. सुनेचे म्हणणे, शोधायला आणि चाचण्यांना पैसे दुकानाने घातले. ‘ख’चे म्हणणे, महिन्याला दहा-बारा कुर्त्यांवर तिची रंगाईची भट्टी चालत नाही. आमच्या मते अट डिझाईनपुरती ठेवावी: दुकानाने निवडलेले चार कट आणि रंग दुकानाचे, बाकी तिने हवे त्याला द्यावे, आणि या बदल्यात दुकानाने महिन्याला किमान १५ नग रोखीने उचलावेत. दिवाळीच्या मालाआधी दोघींना यावर बसायचे आहे.